आठ अमावास्या आणि एक नकाशा

शनीची कडी बघून झाली. चंद्रावरची विवरं बघून झाली, सोसायटीतल्या झाडून सगळ्या पोरांना दाखवून झाली. गुरूचे चार चंद्र, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ... सगळं झालं. आणि मग एक दिवस ती सहा इंची दुर्बीण बेडरूमच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहते. आधी तिच्यावर टॉवेल येतो. मग लॅपटॉपची बॅग. मग घरातलं कुणीतरी विचारतं, "ही माळ्यावर टाकू का?"

तुमच्या घरात हा प्रश्न अजून आला नसेल, तर लवकरच येणार आहे. कारण तुम्ही आता आकाशाच्या 'एसवाय'ला आहात. एफवायला सगळं नवं असतं, टीवायला परीक्षेचं टेन्शन असतं. एसवायला नक्की काय करायचं असतं हे कुणीच सांगत नाही. तसंच हे. रोहिणी, चित्रा, स्वाती न चुकता दाखवता येतात, 'प्रत' म्हणजे काय ते कळतं, आयपीस कुठला लावायचा तेही. पण दुर्बीण बाहेर काढली की त्याच पाच गोष्टी बघून परत आत. नवशिक्यांचं पुस्तक संपलेलं असतं आणि पुढचं कुठलं घ्यायचं ते ठाऊक नसतं.

म्हणून मग ऑनलाइन दुकानात जाऊन चकचकीत कव्हर बघून काहीतरी जाडजूड मागवलं जातं. हबल दुर्बिणीचे फोटो, पानभर गुलाबी-निळे तेजोमेघ, सेंटर टेबलवर ठेवायला झकास. मैदानात मात्र त्याचा उपयोग डास मारण्यापुरताच.

तुम्ही म्हणाल, पुस्तकच तर आहे, चुकलं तर चुकलं! पण जरा हिशोब करा. जून ते सप्टेंबर पाऊस. उरले आठ महिने, म्हणजे आठ अमावास्या. आकाश काळंकुट्ट हवं तर अमावास्येच्या आसपासचाच शनिवार धरावा लागतो, कारण सोमवारी आपल्याला नऊच्या मीटिंगला हजर राहायचं असतं. या आठांतली एक लक्ष्मीपूजनाची. त्या रात्री घर सोडून वांगणीला दुर्बीण घेऊन जाऊन दाखवा बघू! एक मे महिन्यातल्या लग्नात जाते. एक ढगात. राहिल्या पाच. वर्षाकाठी खऱ्या अंधाराच्या पाच रात्री, आणि त्यातली एक 'अरे, हे आपल्याकडून दिसतच नाही' हे कळण्यात घालवायची? पुस्तक आणि नकाशा विचार करून घ्यायचा तो यासाठी. पैसे वाचावेत हा मुद्दा त्यानंतरचा.

तर पहिला प्रश्न. लेखक कुठे उभा आहे?

हे वाक्य मी शब्दशः म्हणतोय. आकाश निरीक्षणाची इंग्रजी पुस्तकं प्रामुख्याने अमेरिका, कॅनडा आणि इंग्लंडमधून येतात, म्हणजे चाळीस ते पन्नास उत्तर अक्षांशांवरून. मुंबई एकोणीस अंशांवर, पुणे साडेअठरावर. तिकडे ध्रुवतारा निम्म्या आकाशात चढलेला असतो, आपल्याकडे तो समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीला टेकलेला. आणि याच्या बदल्यात आपल्याला दक्षिणेचं केवढं तरी आकाश बोनस मिळतं, जे त्या लेखकाने आपल्या अंगणातून कधी पाहिलेलंच नसतं.

सगळ्यात प्रसिद्ध यादीचंच घ्या. शार्ल मेसिए हा फ्रेंच धूमकेतू-शोधक. धूमकेतूसारखे धूसर दिसणारे पण धूमकेतू नसलेले डाग नोंदवून ठेवायचे, म्हणजे पुन्हा फसायला नको, हा त्याचा साधा फंडा. १७७४ साली पहिली यादी छापली तेव्हा त्यात ४५ नोंदी होत्या, १७८१ पर्यंत १०३ झाल्या, नंतरच्यांनी भर घालून ११० केल्या. जगभरचे हौशी निरीक्षक आजही इथूनच सुरुवात करतात. पण मेसिए बसायचा पॅरिसला, जवळजवळ ४९ अंशांवर. त्याच्या यादीतला सर्वांत दक्षिणेचा मानकरी म्हणजे एम ७, वृश्चिकाच्या नांगीजवळचा तारकागुच्छ. त्याच्या खाली त्याच्या लेखी काही नाहीच!

त्याच्या खाली काय आहे? ओमेगा सेंटॉरी आहे. आकाशातला सर्वांत तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ, सुमारे १७ हजार प्रकाशवर्षं दूर, काही दशलक्ष ताऱ्यांचा गोळा. पॅरिसहून तो उगवतच नाही, म्हणून मेसिएच्या यादीत नाही. मुंबईहून तो दक्षिण क्षितिजावर साडेतेवीस अंश चढतो. आणि शोधायला इतका सोपा, की हसू येईल. एप्रिल-मेच्या रात्री चित्रा तारा बरोबर दक्षिणेला आला, की तिथून सरळ खाली उतरायचं, साधारण ३६ अंश. हात लांब करून मुठीने मोजलं तर साडेतीन मुठी. काळोखी जागा असेल तर नुसत्या डोळ्यांनीही धुरकट तारा दिसतो, आणि सहा-आठ इंची दुर्बिणीत... ते तुमचं तुम्हीच बघा. मी काही सांगत नाही.

तर पुस्तकाच्या दुकानात करायची परीक्षा ही. पुस्तक उघडा आणि नरतुरंग, म्हणजे सेंटॉरस, शोधा. त्याला स्वतंत्र पान आहे का? नौकेचा तेजोमेघ, म्हणजे ईटा कॅरिना, आहे का? अगस्त्याचा उल्लेख 'फ्लोरिडाहून जेमतेम दिसणारा तारा' असा एका ओळीत उरकलाय का? उत्तर नाही, नाही आणि हो असं आलं तर पुस्तक परत ठेवा, फोटो कितीही सही असोत. हीच गोष्ट त्या फिरत्या चकतीच्या नकाशाची. प्लॅनिस्फिअरवर अक्षांश छापलेला असतो. लंडनहून मावशीने आणलेला ५१ अंशांचा असतो, आणि तो वापरून कोल्हापुरात कुणी अगस्त्य शोधला, तर त्याला अगस्त्य तिथे सापडणार नाही, कारण लंडनला तो कधी उगवतच नाही.

यादीच हवी असेल तर मेसिएच्या जोडीला कॅल्डवेल यादी घ्या. इंग्लंडचे पॅट्रिक मूर यांनी १९९५ साली ती प्रसिद्ध केली. १०९ वस्तू, मेसिएने सोडलेल्या, उत्तरेकडून दक्षिणेकडे अशा क्रमाने लावलेल्या. त्यात ओमेगा सेंटॉरी ८० व्या क्रमांकावर आणि त्याच्याच साडेचार अंश वर असलेली सेंटॉरस-ए ही दीर्घिका ७७ व्या. म्हणजे चित्रेवरून खाली उतरताना वाटेत थांबायचं स्टेशनही मिळालं. स्टीफन जेम्स ओमेरा यांची 'डीप-स्काय कम्पॅनियन्स' ही मालिका आहे, मेसिए यादीवर १९९८ चं पुस्तक आणि कॅल्डवेलवर २००२ चं. दोन्हीत प्रत्येक वस्तूवर निवांत मजकूर आणि डोळ्याने बघून काढलेली चित्रं. एक सूचना: ओमेरा यांचे डोळे विलक्षण तीक्ष्ण म्हणून ओळखले जातात आणि त्यांनी हवाईच्या अंधारातून पाहिलंय. त्यांना दिसलं ते आपल्यालाही दिसेल अशी पैज लावू नका.

आता नकाशा. इथे बहुतेकांचा गोंधळ 'जितके जास्त तारे तितकं चांगलं' या समजुतीमुळे होतो. मोबाइल घेताना मेगापिक्सेल मोजतात तसे तारे मोजतात. पण नकाशातले तारे तुमच्या फाइंडरमधून दिसणाऱ्या ताऱ्यांशी जुळले पाहिजेत, एवढीच अट आहे. दुर्बिणीच्या पाठीवर बसवलेली ती छोटी दुर्बीण, फाइंडर, तीच तुमची खरी वाटाड्या. तीस मिलिमीटरच्या फाइंडरमधून साधारण साडेसातव्या-आठव्या प्रतीपर्यंतचे तारे आरामात दिसतात, पन्नास मिलिमीटरच्या फाइंडरमधून त्याहून थोडे मंद. नकाशात त्याहून कमी तारे असले तर फाइंडरमध्ये दिसणारे निम्मे तारे अनोळखी वाटतात. त्याहून फार जास्त असले तर नकाशाच अनोळखी.

आकडे बघा म्हणजे अंदाज येईल. साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे तारे अख्ख्या आकाशात नऊ हजारांच्या आसपास. 'पॉकेट स्काय अॅटलास'मध्ये ७.६ प्रतीपर्यंत, म्हणजे ३०,७९६. 'स्काय अॅटलास २०००.०'मध्ये ८.५ पर्यंत, सुमारे ८१ हजार. 'युरॅनोमेट्रिया २०००.०'च्या २००१ च्या आवृत्तीत ९.७५ पर्यंत, दोन लाख ऐंशी हजार! एका प्रतीने खाली उतरलं की तारे जवळपास तिप्पट होतात.

माझं मत विचाराल तर एसवायवाल्यांनी डोळे मिटून 'पॉकेट स्काय अॅटलास' घ्यावा. रॉजर सिनॉट यांनी केलेला, २००६ मध्ये आलेला. ८० नकाशे, सुमारे दीड हजार तारकागुच्छ-तेजोमेघ-दीर्घिका, दक्षिण ध्रुवापर्यंतचं अख्खं आकाश, आणि स्पायरल बाइंडिंग, म्हणजे पान उघडं राहतं, पुस्तक मिटून पान हरवत नाही. चाळिशी जवळ आली असेल किंवा चष्मा लागला असेल तर त्याचीच मोठ्या आकाराची जम्बो आवृत्ती बघा. नकाशे तेच, अक्षर मोठं. तरुण दिसण्याच्या नादात छोटी घेऊ नका, रात्री दोन वाजता तुम्हाला कुणी बघत नाही.

'स्काय अॅटलास २०००.०' ही जरा राजेशाही वस्तू. विल टिरियन हा मूळचा डच ग्राफिक डिझायनर. १९८१ मध्ये पहिली आवृत्ती आली तेव्हा त्यातले ४३ हजार तारे या माणसाने हाताने काढले होते. हाताने! एक्सेलमध्ये दोनशे ओळी भरताना आपली काय अवस्था होते ते आठवा. दुसरी आवृत्ती १९९८ ची, २६ मोठे नकाशे. घरी टेबलावर पसरून प्लॅन आखायला याच्यासारखं सुख नाही, पण गाडीच्या बॉनेटवर वारा सुटला की याचं शीड होतं.

आठ-दहा इंची डॉब्सोनियन असेल आणि छंद पुढे न्यायचा नक्की असेल, तर 'इंटरस्टेलारम डीप स्काय अॅटलास' हे माझं लाडकं उत्तर. रोनाल्ड स्टोयान आणि स्टेफान शूरिग या जर्मन जोडीचं, २०१४ चं. ११४ नकाशे, साडेनवव्या प्रतीपर्यंत. पण याची खरी गंमत ताऱ्यांच्या संख्येत नाही. प्रत्येक वस्तूचं नाव कमी-जास्त ठळक छापलंय, ती चार इंची दुर्बिणीतून दिसते, आठ इंची लागते की बारा इंची, त्यावरून. म्हणजे नकाशाच तुम्हाला सांगतो, 'बाबा रे, ही तुझ्या बसची नाही'. बाकी अॅटलास हजारो दीर्घिका एकाच आकाराच्या ठिपक्यांनी दाखवतात आणि माणूस अर्धा तास न दिसणाऱ्या गोष्टीकडे टक लावून बसतो. त्याची मैदानी आवृत्ती पाण्याने न भिजणाऱ्या कागदावर आहे. डिसेंबरात पहाटे चार वाजता दवाने चादर पिळून काढावी लागते, तेव्हा ही चैन वाटत नाही. महाग आहे. दोघा-तिघांत घेतला तरी चालतो.

युरॅनोमेट्रिया? नंतर. आधी पॉकेट अॅटलासची पानं मळू देत.

नकाशा झाला, आता बरोबर वाचायचं पुस्तक. इथे कसोटी एकच: पुस्तकात फोटो आहे की चित्र? फोटोमध्ये कॅमेऱ्याने तासन्‌तास प्रकाश साठवलेला असतो. डोळा असं काही साठवत नाही. देवयानी दीर्घिका फोटोत चक्राकार भुजा, धुळीचे पट्टे, सगळा थाट. आयपीसमध्ये राखाडी धूसर लांबट डाग. फोटो बघून गेलेला माणूस तो डाग बघतो, 'दिसत नाहीये' म्हणतो आणि पुढे जातो. त्याला ती दिसलेली असते! नुसतं कुणी सांगितलेलं नसतं की ती अशी दिसते.

हे सांगणारं सर्वोत्तम पुस्तक म्हणजे 'टर्न लेफ्ट अॅट ओरायन'. गाय कॉन्सॉलमॅग्नो आणि डॅन डेव्हिस, पहिली आवृत्ती १९८९, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसची. कॉन्सॉलमॅग्नो ग्रहशास्त्रात पीएच.डी., उल्कापाषाणांचे अभ्यासक. पण दुर्बिणीतून आकाश बघायचं कसं हे त्यांना डॅन या मित्राने दाखवलं, हंस तारकासमूहातला अल्बिरिओ हा जोडतारा छोट्या दुर्बिणीतून दाखवून. एक निळसर, एक सोनेरी. यातून पुस्तक जन्माला आलं. म्हणूनच त्यात तज्ज्ञाचा आव नाही. आधी नुसत्या डोळ्यांनी कुठे बघायचं, मग फाइंडरमध्ये काय दिसेल, मग आयपीसमध्ये काय दिसेल, अशी तीन पायऱ्यांची चित्रं. पत्ता सांगावा तसं: नाक्यावरून डावीकडे, पानाची टपरी ओलांडली की दुसरी गल्ली.

जाता जाता एक गंमत. हे गाय कॉन्सॉलमॅग्नो जेझुइट ब्रदर आहेत आणि २०१५ ते २०२५ अशी दहा वर्षं व्हॅटिकनच्या वेधशाळेचे संचालक होते. त्यांच्यानंतर त्या खुर्चीत बसले ते फादर रिचर्ड डिसूझा, जेझुइटांच्या गोवा प्रांताचे. म्हणजे पणजीतल्या एखाद्या घरात हे पुस्तक असेल तर त्याला जरा जास्त मान द्यायला हरकत नाही.

हे पुस्तक घेताना आवृत्ती मात्र बघून घ्या. जुन्या बाजारात पहिल्या-दुसऱ्या आवृत्त्या स्वस्तात मिळतात, पण घ्यायची ती २०११ ची चौथी किंवा तिच्यानंतरची. तिच्यापासून स्पायरल बाइंडिंग आलं आणि त्याहून महत्त्वाचं, चित्रं दोन तऱ्हेची आली: डॉब्सोनियनमधून दिसणारी वेगळी आणि छोट्या दुर्बिणीला काटकोनी आरसा, म्हणजे डायगोनल, लावल्यावर दिसणारी वेगळी. हे प्रकरण समजून घ्या, कारण रात्री सगळ्यात जास्त चिडचिड याचीच होते. डॉब्सोनियनमध्ये चित्र उलटं दिसतं, म्हणजे पुस्तक उलटं धरलं की काम भागतं. डायगोनलमध्ये मात्र डावं-उजवं बदलतं, आरशात बघितल्यासारखं. पुस्तक उलटं धरा, आडवं धरा, शीर्षासन करा, जुळणार नाही! तुमच्या दुर्बिणीला डायगोनल असेल तर आरशातली चित्रं देणारंच पुस्तक हवं, किंवा कॉम्प्युटरवर नकाशा आडवा पलटून प्रिंट काढायची तयारी हवी.

नुसती बायनॉक्युलर असलेल्यांनी तोंड पाडू नये. गॅरी सेरोनिक यांचं 'बायनॉक्युलर हायलाइट्स' खास तुमच्यासाठी आहे. पातळ, गुटगुटीत, एका पानावर एक वस्तू.

आणि आता एका अशा पुस्तकाबद्दल, जे मी घ्या म्हणणार नाही आणि तरीही ज्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. 'बर्नहॅम्स सिलेस्टिअल हँडबुक'. डोव्हर प्रकाशनाने १९७८ मध्ये तीन खंडांत काढलेलं, दोन हजारांहून अधिक पानं, अँड्रोमेडापासून व्हल्पेक्युलापर्यंत एकेक तारकासमूह अकारविल्हे. प्रत्येकात आकडेवारीचे तक्ते, आणि मग अचानक प्राचीन नाणी, चिनी कविता, दंतकथा, एखाद्या रात्रीचं वर्णन. रॉबर्ट बर्नहॅम ज्युनिअर हा माणूस कॉलेजात गेलेला नव्हता. अॅरिझोनातल्या लोवेल वेधशाळेत १९५८ ते १९७९ तो नोकरीला होता, आकाशाच्या दोन काळातल्या फोटोप्लेट्स एकमेकींवर लावून जागेवरून हललेले तारे शोधायचं काम. उरलेल्या वेळात हे पुस्तक. प्रकल्प संपला, नोकरी गेली. पुस्तक मात्र जगभरच्या निरीक्षकांच्या कपाटात जाऊन बसलं. शेवटच्या वर्षांत हा लाजाळू माणूस सॅन दिएगोच्या बॅल्बोआ पार्कमध्ये मांजरांची चित्रं काढून विकायचा. १९९३ मध्ये गेला, तेव्हा त्याच्या वाचकांना पत्ताही नव्हता. समोरून चित्र विकत घेणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी त्याचे तीन खंड असतील का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

मग घ्या का म्हणत नाही? कारण त्यातलं विज्ञान जुनं झालंय. अंतरं बदलली, वयं बदलली, आणि जागा दिल्यात त्या १९५० सालच्या. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो, संपातबिंदू वर्षाला सुमारे पन्नास विकला सरकतो. पाऊणशे वर्षांत त्याचा एक अंश होतो, दोन पूर्ण चंद्र शेजारी मावतील एवढा. दुर्बिणीत अंक टाकून वस्तू शोधणाऱ्याला हा फरक नडतो. छापील नकाशावर तारे आणि वस्तू सगळेच मिळून सरकतात, त्यामुळे '२०००.०' लिहिलेला अॅटलास आज जुना झाला असं मुळीच नाही. विक्रेता नवी आवृत्ती गळ्यात मारायला लागला तर हे लक्षात असू द्या. आणि बर्नहॅम? पावसाळ्यात वाचायला. लायब्ररीतून आणून.

मला हमखास विचारलं जातं, "अहो, पण मोबाइल आहे की! स्टेलॅरियम आहे, ते फुकटात सगळं दाखवतं." बरोबर आहे. स्टेलॅरियम मी स्वतः रोज वापरतो, पण घरी. अमावास्येच्या शनिवारी रात्री दहा वाजता वांगणीहून नरतुरंग कुठे असेल, समोरच्या डोंगराच्या वर येईल का, हे आदल्या गुरुवारी बघायला त्याच्याइतकं उत्तम काही नाही. मैदानात मात्र स्क्रीन म्हणजे शत्रू. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, आणि ऑफिसचा एक मेसेज वाचला की मीटर पुन्हा शून्यावर. नाइट मोड लावला तरी नोटिफिकेशन येतं ते पांढऱ्याशुभ्र रंगात, बॉसचं असेल तर हमखास. कागद निदान व्हायब्रेट होत नाही.

कागदासाठी लाल टॉर्च. साध्या टॉर्चला लाल जिलेटिन दोन-तीन पदरी गुंडाळलं तरी भागतं. आणि म्हणूनच नकाशा विकत घेण्याआधी त्यावर लाल प्रकाश टाकून बघा. लाल शाईने छापलेलं लाल उजेडात गायब होतं! दिवसा सुंदर दिसणाऱ्या रंगीत नकाशातल्या अर्ध्या खुणा रात्री नाहीशा होतात. आकाशदर्शनाच्या रात्रीच्या कार्यक्रमाला जाऊन लोकांचे अॅटलास मागून बघणं हा सर्वांत चांगला उपाय. मुंबईत खगोल मंडळ आहे, पुण्यात १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. अशा ठिकाणची माणसं आपला नकाशा दाखवायला मागेपुढे बघत नाहीत, उलट तुम्हालाच सुटका करून घ्यावी लागते.

राहिल्या त्या अमावास्या नसलेल्या रात्री, ज्या वर्षात भरपूर आहेत. फ्लॅटच्या बाल्कनीतून दीर्घिका दिसणार नाहीत, हे मान्यच करू. पण चंद्राला मुंबईचा उजेड काहीच करू शकत नाही, आणि जोडताऱ्यांनाही फारसं नाही. चंद्रासाठी चेक नकाशाकार अँटोनिन रुक्ल यांचा 'अॅटलास ऑफ द मून' जुन्या बाजारात दिसला तर सोडू नका. चंद्राचे ७६ तुकडे, प्रत्येक विवराला नाव. नाही मिळाला तर चार्ल्स वुड आणि मॉरिस कॉलिन्स यांचा २०१२ चा 'ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी अॅटलास ऑफ द मून'. जोडताऱ्यांसाठी 'केंब्रिज डबल स्टार अॅटलास', जेम्स मुलॅनी आणि पुन्हा आपले विल टिरियन. ही दोन पुस्तकं असली की आठ अमावास्यांच्या वर्षात आणखी शंभर संध्याकाळी सापडतात, त्याही घरच्या चपला घालून.

मराठीत काय, असं कुणीतरी आत्तापर्यंत मनात म्हणालंच असेल. ओळख करून देणारी पुस्तकं आपल्याकडे जुनी आणि सुंदर आहेत. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या 'ज्योतिर्विलास'चं उपनावच 'रात्रीची दोन घटका मौज' असं आहे, एकोणिसाव्या शतकातलं. आजच्या कुठल्या कॉपीरायटरला सुचेल? पण फाइंडरशी जुळणारा, आठव्या प्रतीपर्यंतचा मराठी अॅटलास माझ्या कपाटात नाही. म्हणून मी पॉकेट अॅटलासच्या पानांवर शिसपेन्सिलीने आपली नावं लिहिलीत. सेंटॉरसवर नरतुरंग, त्याच्या दोन तेजस्वी ताऱ्यांवर मित्र आणि मित्रक, क्रक्सवर त्रिशंकू, कॉर्व्हसवर हस्त, लायरावर स्वरमंडल. नव्या पुस्तकावर लिहायला जीव होत नाही हे खरं, पण तासाभराचं काम आहे आणि त्या तासात नकाशा निम्मा पाठ होतो.

आणखी एक काम त्याच बैठकीत उरका. झेरॉक्सवाल्याकडून एक ट्रान्स्परन्सी आणा. तुमच्या फाइंडरमधून आकाशाचा किती अंशांचा तुकडा दिसतो ते त्याच्या माहितीपत्रकात असतं, आठ बाय पन्नासचा असेल तर पाच-सहा अंश. नकाशाच्या कडेला अंशांची पट्टी छापलेली असते. त्या मापाचं वर्तुळ कंपासने ट्रान्स्परन्सीवर काढा आणि कापून घ्या. हे वर्तुळ नकाशावर ठेवलं की त्याच्या आत जे तारे दिसतात, तेच फाइंडरमध्ये दिसणार. एकेक वर्तुळ सरकवत तेजस्वी ताऱ्यापासून हव्या त्या वस्तूपर्यंत जायचं, आणि किती उड्या लागल्या ते वहीत लिहून ठेवायचं. टेबलावर चार उड्यांत पोहोचलात तर मैदानातही चारच लागतात.

आता कालनिर्णय काढा आणि पुढची अमावास्या कुठल्या वारी येते ते बघा. शनिवारपासून तीन दिवस अलीकडे-पलीकडे असेल तर चालेल. अमावास्येनंतरची चंद्रकोर लवकर मावळते, आधीची पहाटे उगवते. वहीत पाच नावं लिहा. ऋतू उन्हाळ्याचा असेल तर पहिलं ओमेगा सेंटॉरी.